मावशीकडची वाट

सगळ्या बंदरात वाटाड्या आता एकच उरला होता, आणि नेमकी त्यालाच बंदराबाहेर पाऊल टाकायची बंदी होती.

मोठं जहाज परक्या बंदरात आपणहून शिरत नाही. कप्तान कितीही तालेवार असला तरी तो बाहेर नांगर टाकून मुकाट थांबतो. मग बंदरातला माणूस लाँचमधून जातो, दोराच्या शिडीने वर चढतो, सुकाणूपाशी उभा राहतो आणि ‘जरा डावीकडे, आता सरळ, आता हळू’ असं करत जहाज धक्क्याला आणून लावतो. कुठे खडक, कुठे गाळ, कुठे पाण्याची ओढ, हे त्याला तोंडपाठ असतं. अशा माणसाला इथे वाटाड्या म्हणत. या वाटाड्याचा सगळा जन्म त्या शिडीवर चढण्या-उतरण्यात गेला होता आणि त्याच्या हातून एकही जहाज कधी खडकाला लागलं नव्हतं. ही गोष्ट तो आपल्या तोंडाने सांगत नसे. पण कुणी चारचौघांत काढली तर विषयही बदलत नसे.

मग लढाई आली. कशावरून आली ते विचारू नका. दोन्हीकडचे रेडिओ दोन वेगळी कारणं सांगत होते आणि दोन्ही ऐकून घेतली तरी माणसाचं समाधान होत नव्हतं. नौदलाने बंदराच्या तोंडावर सुरुंग पेरले, वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणा उचलून नेल्या आणि सुरुंगांमधून एक अरुंद वाट तेवढी मोकळी ठेवली. ती तिघा वाटाड्यांना दाखवली. त्यातला एक घरावर बाँब पडून गेला. दुसरा लाँचसकट शत्रूच्या हाती लागला. त्याने तोंड उघडलं तर काय घ्या, म्हणून नौदलाने वाट बदलली, आणि नवी वाट आता एकट्याच्याच डोक्यात राहिली.

“काका, तुमच्या डोक्यात आख्खं बंदर आहे,” कमांडर म्हणाला होता. “ते डोकं मी समुद्रावर पाठवणार नाही.”

कमांडर पस्तिशीचा, अजून गालावर मुरुमाचे डाग असलेला गडी. मनाने वाईट नव्हता, पण हुकूम सोडायची त्याला भारी हौस. चहा गार असला तरी हुकूम, खिडकी उघडी राहिली तरी हुकूम. वाटाड्याने त्याच्याशी वाद घातला नाही. तो बंदराच्या मनोऱ्यातल्या खोलीत येऊन बसायला लागला. तीन बाजूंना खिडक्या, मधे टेबल, टेबलावर वायरलेस, कोपऱ्यात पाय मोडलेली खुर्ची. समुद्र समोर आणि आपण काचेआड, हे त्याला काही केल्या मानवत नव्हतं. घरीही जीव रमत नसे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि एकुलती एक मुलगी लढाई सुरू झाल्यापासून समुद्रावरच होती.

आज तिचंच जहाज येत होतं.

धान्याचं जहाज. त्यावर ती सेकंड ऑफिसर होती. धान्य इथे उतरायचं आणि जाताना जहाजाने गावातल्या बायका, मुलं, म्हातारी माणसं घेऊन जायची, असं ठरलेलं. सकाळपासून धक्का माणसांनी फुलून गेला होता. गाठोडी, पेट्या, कडेवरची पोरं, खुर्चीसकट उचलून आणलेल्या आज्या. कुणीतरी पिंजऱ्यात कोंबडी आणली होती आणि ती न्यायची की नाही यावरून शिपायाशी कडाक्याचं भांडण चाललं होतं. वाटाड्या वरून बघत होता. त्यातले निम्मे तोंडओळखीचे होते.

अडचण एकच होती. कप्तानाला नवी वाट ठाऊक नाही, वाटाड्याला बाहेर जायची बंदी, आणि वायरलेसवर वाट सांगावी तर शत्रूचे कान त्याला लागलेले. टेकडीवरच्या तोफा गेल्याच महिन्यात आघाडीवर नेल्या होत्या. बंदराची राखण आता फक्त ते सुरुंग करत होते. वाट कळली की बंदर गेलं.

यावर युक्ती वाटाड्यानेच सुचवली. मुलगी लहान असताना शाळा बुडवून त्याच्या लाँचमध्ये बसायची. तेव्हा बापलेकीने बंदराच्या सगळ्या खुणांना घरातली नावं ठेवली होती. वाकलेली जुनी टेकडी म्हणजे आजोबा. पाण्याची उंच टाकी म्हणजे आत्या, कारण तीही अशीच कमरेवर हात ठेवून दारात उभी असायची. धान्याचं गोल कोठार म्हणजे पोट सुटलेले काका. ही नावं त्या दोघांशिवाय जगात कुणाला ठाऊक नव्हती.

“म्हणजे आत्या, काका असं बोलणार तुम्ही? नौदलाच्या वायरलेसवर?” कमांडरने विचारलं.

“तुम्हाला दुसरं काही सुचत असेल तर सांगा,” वाटाड्या म्हणाला. 

दुपार कलायच्या आत जहाज धुरकट हवेतून दिसायला लागलं. वाटाड्याने दुर्बीण लावली. तेच जहाज, तेच गंजकं नाकाड. पाण्यात चांगलं खोल बसलेलं, म्हणजे भरलेलं. त्याच्या जिवात जीव आला. त्याने शर्टाची बटणं नीट लावली, जणू ती त्याला तिथून बघणार होती.

वायरलेस खरखरला. “बाबा?”

“बोल गं, आगाऊ.”

हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती होतीच तशी, आणि मोठी होऊन फार सुधारली होती असं नाही. एरवी या नावाला ती काहीतरी खोचक उत्तर द्यायची. आज म्हणाली, “आलोय आम्ही. आजोबा दिसतायत.”

दमली असेल, त्याला वाटलं. “आजोबांना नमस्कार कर आणि आत्याच्या तोंडासमोर ये. सरळ तिच्याकडे बघत यायचं. इकडेतिकडे बघितलेलं तिला खपत नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

जहाजाने नाक वळवलं आणि ते टाकीच्या रोखाने हळूहळू आत यायला लागलं. दोन्ही अंगांना पाण्याखाली सुरुंग होते. वाटाड्या खिडकीशी उभा राहून एकेक शब्द मोजून टाकत होता. “हळू. अजून हळू. आत्याकडे घाईने गेलेलं चालत नाही.” कमांडर त्याच्या मागे उभा होता, आणि त्याच्या कपाळावरचा घाम काचेत दिसत होता.

“आता काका बांधाच्या आडून डोकावतील,” वाटाड्या म्हणाला. “त्यांचं पोट पुरतं दिसलं की मला सांग. मग डावीकडे वळायचं आणि घरी यायचं.”

 मग ती म्हणाली, “बाबा, मी आधी मावशीकडे जाऊ का?”

 मावशी म्हणजे काकांच्या उजव्या अंगाला पाण्याखाली दडलेला लांबलचक खडक. मुलीच्या सख्ख्या मावशीवरून हे नाव पडलं होतं. ती बाई स्वभावाने प्रेमळ, पण एकदा घरात शिरलेल्या माणसाला सोडायची म्हणून नाही. निघतो म्हटलं की चपला लपवून ठेवायची. त्या खडकानेही आजवर ज्यांना धरलं त्यांना सोडलं नव्हतं. नौदलाने सगळ्यात दाट सुरुंग पेरले होते तेही त्याच्याच भोवती.

तिला खडकाची भीती वाटत असेल, असं त्याने मनाशी म्हटलं. लांब ठेवायचा म्हणूनच विचारत असेल.

“मावशीचं आज नाव नको काढूस,” तो म्हणाला. “ती उजवीकडे. तू डावीकडे वळायचं आहेस.”

“नाही बाबा. मला मावशीकडेच जायचंय. बरोबर पाहुणे फार आहेत.”

वाटाड्याने वायरलेसचं बटण सोडलं.  खडक कुठे आहे ते तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. तिला जायचंच असतं तर ती न विचारता गेली असती. विचारते आहे त्या अर्थी तिच्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, आणि किनाऱ्यावरून शब्द आल्याशिवाय तो माणूस तिला सुकाणू फिरवू देणार नाही. जहाज पाण्यात एवढं खोल बसलं होतं ते धान्याने नव्हे.

“काय झालं?” कमांडरने विचारलं. “मावशी कोण? आणि पाहुणे कसले?”

वाटाड्याने त्याला हाताने थांबवलं आणि पुन्हा बटण दाबलं. आवाज शक्य तेवढा साधा ठेवत त्याने विचारलं, “घरची मंडळी आहेत ना बरोबर? तुझे कप्तानकाका वगैरे?”

“त्यांना वाटेतच दुसरीकडे उतरवलं. घरची मी एकटीच आहे.”

तेव्हा त्याने कमांडरला सांगितलं. खालच्या आवाजात, दोन वाक्यांत. जहाजावर शत्रूची माणसं आहेत. ती मला जहाज खडकावर घालायला सांगते आहे.

 कमांडर धक्क्याकडच्या खिडकीशी धावला. खाली माणसांनी जहाज पाहिलं होतं. जो तो पुढे सरकत होता, पोरांना खांद्यावर घेऊन जहाज दाखवत होता. शिपाई सगळे मिळून मूठभर. “भोंगा वाजवतो,” तो म्हणाला. “धक्का रिकामा करतो.”

“वाजवा. तो त्यांनाही ऐकू जाईल. पहिली गोळी तिला घालतील आणि जहाज डावीकडे वळवून आत घुसवतील, डावीकडे ते मी बोलूनच बसलोय. तोंडाशी तर आलंच आहे.” वाटाड्याने खाली बोट दाखवलं. “आणि हे पळणार कुठे? त्या खुर्चीतल्या आजीला कोण पळवणार, तुम्ही?”

कमांडर त्याच्याकडे बघत राहिला.  शेवटी म्हणाला, “काका, मी तुम्हाला काहीही सांगणार नाही. तुम्ही ठरवा.”

केवढा उदार झाला बघा! चहाच्या कपावरून हुकूम देणारा माणूस नेमका इथे थोर मनाचा झाला. वाटाड्याला त्याची कॉलर धरून ओरडावंसं वाटलं, की दे ना हुकूम, आत्ता दे, म्हणजे मला उद्या म्हणता तरी येईल. पण बोलायला वेळ नव्हता. जहाज टाकीच्या रोखाने येतच होतं.

“बाबा,” वायरलेसमधून ती म्हणाली, “काका दिसायला लागले.”

त्याने बटण दाबलं आणि तो बाप झाला. “मावशी घरी नाहीये गं,” तो म्हणाला. “तू डावीकडे वळ आणि सरळ घरी ये. मी सांगतो ना. पाहुणे आले तर येऊ देत. आपण बघू त्यांचं काय करायचं ते. तू घरी ये आधी.”

कमांडरने डोळे मिटून घेतले, पण त्याला अडवलं नाही.

“मावशी कधी घरी नसते का, बाबा?” तिच्या आवाजात अगदी थोडं हसू होतं. मग तिने विचारलं, “धक्क्यावर वाट बघत माणसं आहेत का?”

खोटं बोलावं, त्याला वाटलं. कुणी नाही म्हणावं, सगळे केव्हाच गेले म्हणावं, म्हणजे ती सरळ घरी येईल. तिच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाला ती हवी तितकी खोटी नावं सांगत असेल, पण बापलेकीत बंदराविषयी खोटं बोलायची पद्धत नव्हती. बंदराच्या बाबतीत एक खोटा शब्द म्हणजे एक जहाज, हे त्यानेच तिला लहानपणी कान पिळून शिकवलं होतं.

“आहेत,” तो म्हणाला. “आख्खं गाव आहे.”

“मग झालं तर. मावशीकडेच जाऊ दे. हट्ट करू नकोस, बाबा. काकांचं पोट पुरतं दिसायला लागलंय.”

वाटाड्याने खाली बघितलं. कोंबडीवाल्याचं भांडण मिटलं होतं आणि पिंजरा शिपायाच्याच हातात होता. त्याने समोर बघितलं. जहाजाच्या सुकाणूच्या खोलीची काच उन्हात चमकत होती आणि काचेमागचं माणूस एवढ्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी तो डोळे फाडून बघत राहिला. त्याला खूप काही बोलायचं होतं. तापात तू रात्रभर माझं बोट धरून झोपली होतीस ते, आणि तू जहाजावर जाते म्हणालीस तेव्हा मी महिनाभर अबोला धरला त्याचं मला अजून वाईट वाटतं ते. पण त्या वायरलेसवर बोलायला फक्त आजोबा, आत्या, काका आणि मावशी होते. जास्त बोलला असता तर पाठीशी उभ्या असलेल्याला संशय आला असता आणि ती फुकट गेली असती.

“आगाऊ,” तो म्हणाला.  “आता उजवीकडे वळ. पूर्ण उजवीकडे. आणि मावशीकडे जा.”

“वळले. येते हं, बाबा.”

“ये,” तो म्हणाला.

जहाजाने संथपणे उजवीकडे नाक फिरवलं. ते खडकाला लागायच्या आधी दोन सुरुंग फुटले. पाण्याचा खांब वर चढला, जहाजाचा मधला भाग उचलला गेला, आणि आवाज मागाहून आला. मनोऱ्याच्या तीनही खिडक्या थरथरल्या. मग तिसरा फुटला. धूर विरळ झाला तेव्हा जहाजाचं नाकाड तेवढं वर होतं, आणि तेही बघता बघता तिरकं होत खाली गेलं.

धक्क्यावर मग एकदम आकांत उसळला. त्या माणसांना वाटलं की आपल्याला घेऊन जाणारं जहाज आपल्या डोळ्यांदेखत बुडालं, आणि तसं वाटण्यात त्यांचं काही चुकत नव्हतं.

कमांडर वाटाड्याच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झाला. वाटाड्याने तो हात झटकला आणि जिना उतरायला लागला.

“काका, बाहेर जायला बंदी आहे,” कमांडर मागून म्हणाला, सवयीने. मग त्याचं त्यालाच कळलं असावं. 

धक्क्यावरून लाँचपर्यंत जायला गर्दीतूनच वाट होती. आज वाट कोण सांगतंय ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणीतरी ओरडलं, “डोळे फुटले होते का रे तुझे? सरळ खडकावर घातलंस!” एक बाई त्याच्या अंगावर धावून आली आणि त्याच्या शर्टाला धरून हमसाहमशी रडायला लागली. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणत होता, “वय झालं त्याचं. कशाला बसवतात अशा माणसाला?” कोंबडीवाला जमिनीवर बसून डोकं हातांत धरून होता. वाटाड्याने बाईचे हात हलकेच सोडवले. एक शब्द सांगितला असता तर तीच माणसं त्याच्या पाया पडली असती. पण त्या क्षणी त्याला शिव्याच बऱ्या वाटत होत्या.

लाँचवरचा इंजिनवाला तिला लहानपणापासून ओळखत होता. त्याने इंजिन सुरू केलं आणि वाटाड्याने सुकाणू हातात घेतलं. बऱ्याच दिवसांनी तो पाण्यावर आला होता. वाटेने वळत, सुरुंग टाळत तो खडकाच्या जवळ गेला, जाता येईल तितका जवळ.

पाण्यावर तेल पसरलं होतं. फळ्या, दोर, एक लाकडी बाक. धान्याचा एकही दाणा नव्हता. माणसं मात्र होती. बहुतेक पालथी. अंगावर परक्या सैन्याचे कपडे, पाठीवर अजून बांधलेल्या थैल्या. वाटाड्या एकेकाला आकडीने वळवून बघत होता. लांब केस दिसले की तो आकडी टाकून हात घालायचा आणि हाती दोर नाहीतर शेवाळ यायचं. वळवलेल्या तोंडांतली काही फार कोवळी होती. ही पोरंही कुणाला तरी नमस्कार करून घरातून निघाली असणार, असं त्याच्या मनात आलं, आणि तो विचार त्याला सहन होईना म्हणून तो पुढच्याकडे वळला.

बाकाला धरून एक माणूस जिवंत होता. टक्कल पडलेला, पन्नाशीचा, हात काळेकुट्ट. सैनिक वाटत नव्हता. दोघांनी मिळून त्याला लाँचमध्ये ओढला. तो बराच वेळ खोकला, पाणी ओकला. इंजिनवाल्याने जरा कुरकुरत का होईना, त्याच्या अंगावर आपला कोट टाकला.

दोन्ही देशांच्या भाषा जवळजवळच्या. निम्मे शब्द तेच, निम्मे अंदाजाने कळणारे. त्या माणसाने वाटाड्याच्या वयाकडे, सुकाणूवरच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, “तुम्हीच का ते? रेडिओवरचे? तिचे वडील?”

वाटाड्याने मान हलवली.

“मी इंजिनवर असतो. तुमचा आवाज ऐकायला म्हणून वर आलो होतो.” त्याचे दात वाजत होते. “आमच्या साहेबाने त्या जहाजाच्या सगळ्या माणसांना आमच्या बोटीवर नेऊन ठेवलं. हिला एकटीला ठेवलं. म्हणाला, किनाऱ्यावर हिचा बाप आहे. तो सांगेल तसंच वळायचं, हिच्या मनाने नाही. बाप काही पोटच्या पोरीला बुडवणार नाही.”

इंजिनवाल्याने तोंड फिरवलं.

“मावशी कोण असं साहेबाने विचारलं, तर म्हणाली, जड जहाजाची खोल वाट. पोरं घाबरली होती सुरुंगांना,” तो माणूस सांगत राहिला. “पाचावर धारण बसली होती सगळ्यांची. तर ती म्हणाली, घाबरू नका. माझ्या बाबांच्या हातून आजवर एकही जहाज खडकाला लागलेलं नाही. मग जरा शांत झाली पोरं. एकाने तिला बिस्किट दिलं. खाल्लं तिने.”

 लाँच जागच्या जागी हेलकावे खात होती. तो माणूस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, तो सरकत सरकत पुढे आला आणि त्याने आपला तेलकट हात वाटाड्याच्या हातावर ठेवला.

“दादा, मनाला लावून घेऊ नका,” तो म्हणाला. “मलाही दोन मुली आहेत. आपलं माणूस समोर असलं की हात थरथरणारच. डावं-उजवं सुचत नाही. चुकतं माणसाचं.”

आयुष्यात इतकी बरोबर वाट मी कुणालाच सांगितली नाही, हे वाटाड्याला त्याला सांगायचं होतं. तुझी सगळी पोरं मी बुडवली, जाणूनबुजून बुडवली, हेही सांगायचं होतं. त्याने तोंड उघडलं, पण घशातून आवाजच आला नाही. मघाशी वायरलेसवरच्या त्या ‘ये’बरोबर तो जो गेला होता तो अजून परतला नव्हता.

“ती चांगली पोहत असेल ना?” त्या माणसाने विचारलं. “समुद्राकाठची आहे. एखाद्या फळीला धरून असेल. धुरात दिसत नसेल आपल्याला. हाक मारा की.”

वाटाड्याने मानेनेच नाही म्हटलं आणि आपल्या गळ्याकडे बोट केलं.

“बरं, मग मी मारतो,” तो माणूस म्हणाला. “नाव काय तिचं?”

वाटाड्याने खाली वाकून, त्याच्या कानाशी तोंड नेऊन, पुटपुटत तिचं नाव सांगितलं. त्या माणसाने ते एकदा स्वतःशी म्हणून बघितलं. मग कसाबसा उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले, आणि धुराच्या दिशेने त्याने तिला हाक मारली.